पिलांखालचा भुसा

“आई, तुम्ही असू द्या, मी करते.”

शहरात, पडेगावच्या रो-हाऊसमध्ये राहायला येऊन तीन वर्षं झाली तरी सुनेचं हे वाक्य द्वारकाबाईंच्या अंगवळणी पडलं नव्हतं. तनुजा ते रागानं म्हणायची नाही, हीच अडचण. रागानं म्हणाली असती तर दोन शब्द उलटून बोलता आले असते. द्वारकाबाईंनी भाकरी थापली की ओट्यावर पीठ सांडायचं, असू द्या. मशीनमध्ये कपडे टाकले की पांढऱ्यात एखादं रंगीत जायचं, असू द्या. नातीची, श्रेयाची वेणी त्या इतकी घट्ट घालायच्या की पोरगी शाळेत जाऊन ती सोडून टाकायची. मग एक दिवस श्रेयाही म्हणाली, “आजी, असू दे गं.” त्या दिवसापासून द्वारकाबाई बराच वेळ मागच्या दारात खुर्ची टाकून बसू लागल्या.

गावाकडं असं नव्हतं. पैठण रस्त्यावरच्या त्या गावात त्या मोठ्या घरच्या सूनबाई आणि पुढं मालकीणबाई होत्या. सकाळी ओसरीवर येऊन उभं राहिलं की अर्धी कामं नुसत्या आवाजानं व्हायची. “म्हशीला पाणी दावलं का? अंगण झालं का? साळूबाई, कोंबड्या सोडल्या का गं?” नवरा, कडूबा, हसून म्हणायचे, “तुला सरपंच करायला पाहिजे व्हतं.” कडूबा गेले, शेत पुतण्याकडं, बन्सीकडं बटाईला दिलं, आणि गोकुळनं आईला शहरात आणलं. इथं आवाज द्यायला कुणी नव्हतं. गोकुळ सकाळी वाळूजच्या कंपनीत जायचा, तनुजा शाळेत शिकवायला. उरलं मागचं दार, दहा बाय बाराचं परस, आणि छातीइतक्या उंचीची भिंत.

भिंतीपलीकडं पडेगावातली जुनी वस्ती. त्यातलं पहिलंच घर गीताबाईंचं. गीताबाई आणि त्यांचे मालक पुंडलिक, दोघंच. पुंडलिकराव लष्कराच्या छावणीत माळीकाम करून रिटायर झालेले. उघड्या दारातून समोरच्या भिंतीवरचे बुद्धांचे आणि बाबासाहेबांचे फोटो दिसायचे आणि अंगणात नऊ कोंबड्या नि एक कोंबडा. रो-हाऊसच्या सगळ्या बायका गीताबाईंकडून गावरान अंडी घ्यायच्या. तनुजा तर येता-जाता तिथं चहाही प्यायची. द्वारकाबाई कधी गेल्या नव्हत्या. “मला चहा सोसत नाय,” असं त्या म्हणत. घरी मात्र दिवसातून तीनदा घेत.

दिवाळीनंतर बचत गटाकडून तनुजाला कोंबडीपालनाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं. परत आली ती हातात एक पत्रक आणि डोळ्यांत चमक घेऊन.

“आई, तुमच्याकडे गावाला कोंबड्या होत्या ना?”

“पन्नास व्हत्या.”

“मग आपण पंचवीस पिलं आणू. पण बघायचं तुम्ही हं. मला यातलं काही कळत नाही.”

मला काही कळत नाही. तीन वर्षं द्वारकाबाई या चार शब्दांची वाट बघत होत्या. त्या रात्री त्यांनी जेवताना एक भाकरी जास्त खाल्ली.

पन्नास कोंबड्या होत्या हे खोटं नव्हतं. फक्त त्या द्वारकाबाईंनी पाळल्या नव्हत्या. कोंबड्यांचं सगळं साळूबाई बघायची. पहाटे टोपली घेऊन यायची, खुराडं झाडायची, टोपलीतलं काहीतरी खाली पसरायची, खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची, आजारी असेल तिला बाजूला काढायची. द्वारकाबाईंच्या हातात फक्त अंडी यायची, तीही धुऊन. पण हे शहरातल्या घरात सांगायची गरज काय होती? मालकिणीनं बघितलं म्हणजे तिनंच केलं, असंच त्यांना आयुष्यभर वाटत आलं होतं.

तनुजानं पत्रक वाचून दाखवलं. “पिलांना उबेसाठी बल्ब. पाण्याचं भांडं उथळ. आणि खाली दोन-तीन इंच गादी लागते.”

“कोंबड्यांना गादी?” द्वारकाबाई हसल्या. “उशी नको का?”

“गादी म्हणजे अंथरायचं हो. तूस किंवा भुसा, असं लिहिलंय. बाजारात बघते मी.”

“भुसा इकत आणतेस? गावात ढीग लागलेत. बन्सीला फोन लाव.”

बन्सी जाधववाडीच्या मार्केटात माल घेऊन यायचा. दोन दिवसांनी येताना त्यानं सोयाबीनच्या भुशाच्या दोन गोण्या दारात उतरवल्या. द्वारकाबाई फाटकात उभ्या राहून शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आमच्या शेतातला हाय.” बन्सी जाता जाता म्हणाला, “काकू, परवाच्या पावसानं जरा सर्द झालाय. दोन दिस चांगला उन्हात टाक.”

तो गेल्यावर द्वारकाबाईंनी गोणीत हात घातला. वर कोरडा होता. कोपरापर्यंत हात गेल्यावर आतून गरम वाफ लागली. हात बाहेर काढला तर बोटांवर पीठ उडाल्यासारखं पांढरं, आणि आंबूस, कुबट वास. असला भुसा म्हशीपुढं टाकला तर म्हैस फुरफुरून तोंड फिरवते, एवढं त्यांना माहीत होतं. पण पिलं त्याच संध्याकाळी यायची होती. आणि ‘आमच्या शेतातला’ हे दारात बोलून झालं होतं. त्यांनी गोण्या गच्चीवर उपड्या केल्या, दुपारभर ऊन दिलं आणि वरवर कोरडा दिसतोय असं बघून संध्याकाळी भुसा परसातल्या नव्या पिंजऱ्यात पसरला. पंचवीस पिलं त्यावर सोडली. चार दिवसांची, मुठीत मावतील एवढी. ती लगेच चोचीनं भुसा उकरू लागली. तनुजानं मोबाईलवर फोटो काढला. “आई, तुम्ही पण या ना त्यांच्यात.” त्या फोटोत द्वारकाबाई पदर सारखा करून, एक पिलू हातात घेऊन ताठ उभ्या आहेत.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना गीताबाई भिंतीपाशी आल्या.

“काय वो द्वारकाबाई, पिलं आणली म्हणं? दावा की.”

द्वारकाबाईंनी पिंजऱ्याचं झाकण उचललं. गीताबाई भिंतीवरून वाकल्या आणि त्यांचं नाक आक्रसलं.

“ह्ये काय टाकलंय खाली?”

“भुसा.”

“भुसा म्हंजी लाकडाचा वो!” गीताबाई जोरात हसल्या. “कोंबड्या हायेत का गाई? ह्या खाणार हायेत व्हय सोयाबीनचा भुसा? सुताराकडून आणा. रंधा मारल्यावर कुरळा कुरळा पडतोय बघा, तसला. करवतीचा बारीक नको, त्यो पिलं गिळत्यात. न्हायतर भाताचं तूस आणा.”

“आमच्याकडं हाच टाकायचे.”

“हाच? आवो, ह्याला बुरशी हाय. वास येतोय हितवर. ही बुरशी पिलांच्या छातीत जाती. आजच्या आज काढा.”

“आमच्या घरी पन्नास कोंबड्या व्हत्या, गीताबाई.”

गीताबाईंनी त्यांच्याकडं एकदा बघितलं. “असत्याल,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

ते हसणं द्वारकाबाईंच्या कानात दिवसभर राहिलं. भुसा म्हणजे लाकडाचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं ही एक गोष्ट. पण ते भिंतीपलीकडच्या बाईनं सांगावं, आणि हसून सांगावं! दुपारी त्या पिंजऱ्यापाशी दोनदा गेल्या. भुसा काढावा असं दोन्ही वेळा मनात आलं. पण संध्याकाळी तनुजा विचारणार, आई, काय झालं? मग काय सांगायचं? भुशातलंसुद्धा मला कळत नाही? त्यांनी वरचा थर हातानं जरा हलवला आणि झाकण लावलं.

चौथ्या दिवशी तीन पिलं अंग फुलवून बसली. चोची उघड्या, मान वर ताणून श्वास घेत होती, आणि प्रत्येक श्वासाला शेपटी खालीवर व्हायची. सकाळपर्यंत ती मेली. त्यानंतर रोज दोन, कधी तीन. द्वारकाबाई पहाटे सगळ्यांच्या आधी उठून मेलेली काढायच्या आणि पेरूच्या झाडाखाली पुरायच्या, पण मोजदाद श्रेया करायची. अकरा गेली तेव्हा तनुजा पिंजऱ्यासमोर बसून रडकुंडीला आली.

“आई, असं कसं झालं हो? सगळं तर पत्रकाप्रमाणे केलं. उद्या एक पिलू जनावरांच्या दवाखान्यात दाखवून आणते. डॉक्टर कापून बघतात म्हणे.”

द्वारकाबाईंनी पटकन पिंजऱ्याचं झाकण लावलं. डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार, खाली काय टाकलं होतं?

“दवाखान्याचं काय काम,” त्या म्हणाल्या. “त्या मागल्या गीताबाईच्या कोंबड्यांची लागण हाय ती. आली व्हती ना ती परवा. हात लावून गेली पिलांना.”

गीताबाईंनी हात लावला नव्हता. भिंतीवरून हात पिंजऱ्यापर्यंत पोचतही नव्हता.

“काय सांगता!” तनुजा म्हणाली. “तरीच.”

तिनं काहीच विचारलं नाही. कधी आली, कशी आली, तिच्या कोंबड्या आजारी आहेत का, काही नाही. जिच्या घरी ती चहा प्यायची तिच्याबद्दल ‘तरीच’ एवढा एक शब्द तिला पुरला. तो पुरेल, हे द्वारकाबाईंना तोंड उघडायच्या आधीच माहीत होतं. त्या वस्तीतल्या बाईचं नाव घेतलं की रो-हाऊसमध्ये कुणी पुरावा मागणार नाही, हे जोखूनच त्या बोलल्या होत्या. पुढं त्यांना सगळ्यात जास्त टोचलं ते हे जोखणं.

तनुजानं ती गोष्ट गल्लीतल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. कोपऱ्यावरच्या अमृतानं पुढं लिहिलं, ‘माझ्या मुलाला पण मागच्या आठवड्यात जुलाब झाले होते, अंडं खाल्लं होतं.’ कुणी हात जोडल्याचं चित्र टाकलं, कुणी कोंबडीवर फुली. द्वारकाबाईंना मोबाईलवरचं वाचता येत नसे. श्रेयानं हसत हसत सगळं वाचून दाखवलं. दोन दिवसांत गीताबाईंकडं अंड्यांना जाणं बंद झालं. तिसऱ्या दिवशी अमृताच्या नवऱ्यानं महापालिकेत तक्रार केल्याचं कळलं.

तनुजा दवाखान्यात गेली नाही. तरी द्वारकाबाईंनी वाट बघितली नाही. गीताबाईंचं नाव घेतल्याच्या दुसऱ्याच सकाळी, सगळे बाहेर पडल्यावर त्यांनी पिंजऱ्यातला भुसा खरवडून गोणीत भरला, गच्चीवरचा उरलेलाही भरला आणि घंटागाडी आली तेव्हा दोन्ही गोण्या ओढत नेऊन आत टाकल्या. पिंजऱ्यात गोकुळची जुनी वर्तमानपत्रं अंथरली, दिवाळीच्या गुळगुळीत पुरवण्यांसकट.

आणि पिलं मरायची थांबली.

एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. चौदाच्या चौदा राहिली. तनुजा खूश झाली. “आई, बरं झालं तुम्ही वेळेवर ओळखलंत. गीताबाईंचं येणं बंद झालं आणि लगेच फरक पडला बघा.” ग्रुपवरही तिनं तसं लिहिलं. द्वारकाबाईंच्या खोटेपणाला आता पुरावा मिळाला होता आणि तो त्यांनी स्वतःच्या हातानं तयार केला होता. त्या रात्री तनुजानं त्यांना विचारून आमटीत मीठ घातलं. द्वारकाबाईंनी आमटीची वाटी बाजूला सारली.

मागच्या दारात बसणं त्यांनी सोडलं. पलीकडून कोंबडा आरवला तरी त्या दार लोटून घ्यायच्या. गीताबाई एकदा रस्त्यात समोर आल्या तेव्हा द्वारकाबाई वळून औषधाच्या दुकानात शिरल्या आणि नको असलेली बामची बाटली घेऊन आल्या.

आठवडा असा गेला. मग एक पिलू उभं राहीना. कागदावर पाय टेकला की घसरायचा, दोन्ही पाय दोन बाजूंना पसरायचे आणि ते पोटावर पडायचं. बाकीची त्याच्या अंगावरून जायची. द्वारकाबाईंनी त्याला चार वेळा उभं केलं, चार वेळा ते फाकलं. साळूबाईनं काय केलं असतं, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. साळूबाईचं लुगडं आठवलं, कमरेवरची टोपली आठवली, पहाटेचा खराट्याचा आवाज आठवला. टोपलीत काय असायचं ते आठवेना. राख? तूस? वाळू? वीस वर्षं ती बाई रोज त्यांच्या डोळ्यासमोर ती टोपली रिकामी करत होती, आणि द्वारकाबाईंनी एकदाही आत डोकावून बघितलं नव्हतं. साळूबाई वारली त्यालाही आता सहा वर्षं झाली होती.

त्याच वेळी भिंतीपलीकडून कोंबड्यांचा कालवा ऐकू आला. द्वारकाबाई भिंतीपाशी गेल्या. पुंडलिकराव एकेका कोंबडीचे पाय सुतळीनं बांधून डालग्यात ठेवत होते.

पिलू पदराखाली घेऊन त्या पुढच्या दारानं बाहेर पडल्या, कोपऱ्यावरून वळल्या आणि तीन वर्षांत पहिल्यांदा गीताबाईंच्या अंगणात उभ्या राहिल्या.

“कोंबड्या कुठं चालल्या?”

“छावणीच्या बाजारात,” पुंडलिकराव मान वर न करता म्हणाले. “महापालिकेचा माणूस आला व्हता. इथं ठेवायच्या तर अर्ज करा, दाखला आणा, म्हणला. अन् ठेवून करायचं काय? अंडी तर कुणी घेईना.”

गीताबाई दारात पाटावर बसल्या होत्या. त्यांनी द्वारकाबाईंच्या पदराकडं बघितलं. “काय हाय त्यात?”

द्वारकाबाईंनी पिलू पुढं केलं. गीताबाईंनी ते घेतलं, उलटं करून पाय बघितले. “कागद अंथरलाय ना खाली?”

“व्हय.”

“घसरतंय ते. लहान पोराला फरशीवर तेल सांडून चालवल्यावानी.” त्या आत गेल्या, लोकरीचा तुकडा आणला, पिलाचे दोन पाय बोटभर अंतर ठेवून सैल बांधले. “चार दिस ऱ्हाऊ द्या. अन् खाली खरबरीत काहीतरी घाला.” पिलू परत देताना त्या जरा थांबल्या. “लागण नाय ना व्हायची माझ्या हातानं?”

द्वारकाबाईंनी पिलू परत पदराखाली घेतलं. “गीताबाई, ती लागण नव्हती. त्यो भुसा...”

“मला ठाऊक हाय.”

“काय?”

“घंटागाडीत गोण्या टाकल्या तुम्ही, तवा मी गाडीच्या मागंच उभी व्हते की कचरा घिऊन. तुमी बघितलंच नाय माझ्याकडं. वास अजून नाकात हाय माझ्या. गोण्या गेल्या, पिलं मरायची थांबली. मला काय हिशोब येत नाय व्हय?”

“मग तुमी बोलल्या का नाय? सांगायचं सगळ्यांला!”

गीताबाई हसल्या, पण भिंतीवरून हसल्या होत्या तसं नाही. “माझं कोण ऐकणार व्हतं? तुमचं ऐकलं ना लगीच.”

डालग्यातली एक कोंबडी ओरडत होती. पुंडलिकरावांनी वर पोतं टाकलं. द्वारकाबाई म्हणाल्या, “नका नेऊ. मी घेते अंडी. रोज घेते.”

“तुमी एकल्या कितीक खाणार? पित्त व्हईल.”

“चुकले मी, गीताबाई. मला...”

“माझ्यापुढं नका म्हणू,” गीताबाई एकदम म्हणाल्या. “मला ठाऊक असलेलं मला सांगून काय फायदा? हितं कुणी ऐकायला नाय. जिथं बोललात तिथं बोला.”

संध्याकाळी द्वारकाबाईंनी तनुजाला सगळं सांगितलं. बुरशी सांगितली, बन्सी काय म्हणाला ते सांगितलं, गीताबाईंचं हसणं सांगितलं. साळूबाईही सांगितली. तनुजा भाजी चिरत होती. तिचा हात थांबला, पण ती रागावली नाही. उरलेली भाजी तिनं चिरून संपवली. मग म्हणाली, “मी ग्रुपवर लिहिलंय, आई. माझ्या नावानं.”

“तर परत लिही. सासू खोटं बोलली म्हणून लिही.”

“सासू खोटं बोलली असं लिहू? म्हणजे मग सगळं घरच... आणि आता कोंबड्या गेल्या ना त्यांच्या? मग आता काय उपयोग? मी जाऊन येईन त्यांच्याकडे. साडी वगैरे देईन एखादी.”

“साडी नको देऊ,” द्वारकाबाई म्हणाल्या. “लाज वाटंल अशानं.”

“कुणाला?”

द्वारकाबाई चिरलेली भाजी धुवायला घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीची हातगाडी आली. नेहमीप्रमाणं सहा-सात बायका जमल्या. द्वारकाबाई कधी तिथं जात नसत. भाजी तनुजा आणायची. त्या गाडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या, हे त्यांना नंतर कळलं.

“काकू, आज तुम्ही?” अमृता म्हणाली. “मेथी छान आहे बघा.”

“मेथी नको. मला बोलायचंय.”

भाजीवाल्यानं तराजू खाली ठेवला.

“माझी पिलं गीताबाईच्या कोंबड्यांनी मेली नाहीत. मी कुजका भुसा टाकला व्हता. बुरशीचा. ती नको म्हणत व्हती, मी ऐकलं नाय. अन् वरून तिचं नाव घेतलं. तिनं हातसुद्धा लावला नव्हता.” त्यांना दम लागला. “मी खोटं बोलले.”

एकीनं हातातली मेथीची जुडी परत गाडीवर ठेवली. मग अमृताच म्हणाली, “अहो काकू, पिलंच ती. मरतातच थोडीफार. इतकं काय मनाला लावून घेता?”

“पिलांचं नाय म्हणत मी.”

“नाहीतरी आम्ही आता दुकानातूनच घेतो,” दुसरी म्हणाली. “ट्रेच येतो घरपोच. बरं पडतं.”

“आणि काही म्हणा काकू,” अमृतानं आवाज उतरवला, “तिकडची स्वच्छता म्हणजे... तुम्ही जवळच राहता, तुम्हाला काय सांगायचं.”

“मी बघून आलेय. तिचं खुराडं माझ्या देवघरापेक्षा कोरडं हाय.”

बायका हसल्या. त्यांना वाटलं, काकूंनी विनोद केला. द्वारकाबाईंना पुन्हा सांगावंसं वाटलं, मोठ्यानं सांगावंसं वाटलं, पण जे सांगायचं ते सांगून झालं होतं आणि ते कुणी उचललं नव्हतं. खोटं बोलल्या तेव्हा एक वाक्य पुरलं होतं. खरं मात्र गाडीवरच पडून राहिलं, कुणाच्याही पिशवीत गेलं नाही.

“मावशी, मेथी देऊ का?” भाजीवाल्यानं विचारलं.

तनुजा दारात उभी राहून ऐकत होती. ती तशीच शाळेत गेली. संध्याकाळी शाळेतून येताना मात्र तिनं स्कूटीवर, पायांशी, एक पोतं आणलं. सुताराकडचं, रंध्याचं, कुरळं कुरळं. द्वारकाबाई उठू लागल्या तशी ती म्हणाली, “आई, तुम्ही असू द्या. पिलांचं यापुढे मी बघते.”

द्वारकाबाई परत खुर्चीत बसल्या.

तनुजानं कागद काढले, पिंजरा पुसला, भुसा पसरला. पिलं आधी बिचकली, मग उकरू लागली. लोकर बांधलेलं पिलू दोन पावलं टाकून उभं राहिलं आणि पडलं नाही. लाकडाचा गोडसर वास परसात पसरला. तनुजा आत गेल्यावर भिंतीपलीकडं हालचाल झाली. गीताबाई उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे.

“आता ठीक हाय,” त्या पिंजऱ्याकडं बघत म्हणाल्या. “रोज वरखाली करायला सांगा तिला. पाण्याच्या भांड्यापाशी ओल धरती, तिथला काढून टाकायचा.”

“सांगते.” द्वारकाबाई उठून भिंतीपाशी गेल्या. “तुमच्या कोंबड्या?”

“गेल्या. एक ऱ्हायली, खुडूक. अंड्यांवर बसलीय, तिला कसं उठवायचं?”

“मी सकाळी बोलले. गाडीपाशी.”

“ऐकलं. भाजीवाला सांगत व्हता.” बरं झालं, असं गीताबाई म्हणाल्या नाहीत. उशीर झाला, असंही नाही.

रिकाम्या पोत्याच्या तळाशी चार मुठी भुसा उरला होता. द्वारकाबाईंनी वाकून त्यात हात घातला. कोरडा होता, हलका आणि गार. तो मुठीत धरूनच त्यांनी विचारलं,

“गीताबाई, आमच्याकडं एक साळूबाई व्हती. कोंबड्यांचं सगळं तीच करायची. पहाटे टोपली घेऊन यायची आन् खुराड्यात कायतरी टाकायची. पन्नास कोंबड्या, पण एक कधी अशी मेली नाय. काय टाकत असंल वो ती?”

गीताबाईंनी पिंजऱ्यावरून नजर काढून त्यांच्याकडं बघितलं.

“मला काय ठाऊक?” त्या म्हणाल्या. “तिला इचारायचं व्हतं.”